आधी टेप ऐक

खानापूर तालुक्यातून एका वकील मुलीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं तिने कळवलंय. पत्र चार पानी आहे, त्यातला मुख्य भाग तेवढा देतो.

‘काका, मी सहा वर्षं बेळगावात वकिली करते. बहुतेक काम फौजदारी. धारवाडला हायकोर्टात केंद्र सरकारची कामं पाहणाऱ्या एका सीनियरांनी मला त्यांच्याकडे बोलावलंय. स्थानबद्धतेविरुद्धच्या याचिका, पासपोर्ट अडवल्याची प्रकरणं, यूएपीएची (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायद्याची) कामं, असं बरंचसं राष्ट्रीय सुरक्षेचं काम त्यांच्याकडे असतं. पुढे एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, सरकारी वकिलासाठी अर्ज करता येईल, असंही ते म्हणाले. मला हे काम मनापासून करावंसं वाटतं. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यांना आनंद झालाय. पण माझे चुलते महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधासाठी निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीतल्या दोन केसेस त्यांच्यावर अजून चालू आहेत. ते म्हणाले, ज्यांनी आमच्यावर लाठ्या चालवल्या त्यांचंच वकीलपत्र घेणार काय? आई तर घाबरूनच गेलीय. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, हाताने लिहिलेलं वाचता येत नाही. आणि खरं सांगायचं तर माझी मलाच भीती वाटते, माझ्या हातून एखादा निरपराध माणूस आत राहील. मी काय करू?’

मुली, तू काका म्हणून लिहिलंस, तेव्हा एकेरीतच लिहितो. उत्तर आधी देऊन टाकतो : जा. धारवाडला लगेच जा, एनआयएची घाई करू नकोस. आणि पत्राच्या शेवटी जी भीती लिहिलीस ती सोडायचा प्रयत्न करू नकोस. बाकीच्या प्रश्नांकडे नंतर येतो, आधी त्या भीतीबद्दल. तिच्याबद्दल मला अनुभवाने सांगता येतं.

मी या जिल्ह्यात बरीच वर्षं सरकारच्या बाजूने उभा राहिलो. पंधराएक वर्षांपूर्वी एका तरुणाचा जामीनअर्ज आला, त्याला विरोध करायचं काम माझ्याकडे होतं. आरोप हत्यारं बाळगल्याचा आणि कटाचा. तपास कुणाचा होता ते इथे सांगत नाही. कागदांत फोनवरच्या संभाषणाचा उतारा जोडला होता. बोलणं मराठी, उतारा कन्नड. त्यात एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा : काल संध्याकाळी कॅम्पात दोन फैरी झाडून आलो. आता कॅम्प म्हणजे लष्कराचा भाग. तिथे फैरी झाडल्या म्हटल्यावर आणखी काय लागतं? ते वाक्य मी कोर्टात सावकाश, दोनदा वाचून दाखवलं. जामीन फेटाळला गेला.

अकरा महिन्यांनी साक्षी सुरू झाल्या आणि टेप कोर्टात लावली गेली. मुलगा मित्राला म्हणत होता, ‘काल संध्याकाळी कॅम्पात दोन राउंड मारून आलो, तू का आला नाहीस रे?’

बेळगावात राउंड कोण मारत नाही? जेवण झालं की राउंड, कॉलेज सुटलं की राउंड, नवी गाडी घेतली की कॅम्पात राउंड. उतारा करणारा बाहेरचा होता, त्याला पुस्तकी मराठी येत असेल. त्याच्यावर मी फार खापर फोडत नाही. माझी तर मातृभाषा मराठी, जन्म शहापुरातला. टेप मुद्देमालात पडून होती, अर्ज केला असता तर मला ऐकायला मिळाली असती. मी ऐकली नाही. उतारा स्वच्छ टाइप केलेला होता, खाली शिक्का आणि सही होती, आणि त्या दिवशी माझ्या बोर्डावर आणखी सतरा कामं होती. बाकीचा पुरावाही असाच पोकळ निघाला. मुलगा निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो मला भेटला. भांडला नाही. ‘साहेब, राउंड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं काय?’ एवढंच विचारलं त्याने. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

ती केस साध्या कायद्याखालची होती, तरी अकरा महिने गेले. तू ज्या कामाला निघालीस तिथे हेच वर्षांवर जातं. का, ते नीट समजून घे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायदा १९६७ चा. पण त्याला खरी धार आली २००८ च्या दुरुस्तीने. तेव्हा कलम ४३-ड आलं. त्याच्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे केस डायरी किंवा दोषारोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला सबळ कारण आहे असं कोर्टाला वाटलं, तर जामीन देता येत नाही. त्यावर २०१९ च्या वताली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जामिनाच्या टप्प्यावर कोर्टाने पुराव्याची बारीक चिकित्सा करू नये, एकंदर काय दिसतं ते पाहावं. २०२१ च्या नजीब निकालाने एक खिडकी उघडली : खटला संपायची चिन्हं नसताना माणूस वर्षानुवर्षं आत राहत असेल, तर घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. पण त्या खिडकीपर्यंत पोहोचायला नजीबला पाच वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला होता.

म्हणजे होतं काय, की ज्या टप्प्यावर एरवी न्यायाधीश कागद उलटेपालटे करून पाहतात, त्या टप्प्यावर इथे कायद्यानेच त्यांचा हात आखडता केलाय. आरोपीच्या वकिलाकडे तर सगळे कागद नसतातच. सगळे कागद असतात सरकारी वकिलाकडे. ‘दोन फैरी’ म्हणजे ‘दोन राउंड’ हे वेळेत ओळखू शकणारं माणूस तू एकटीच असशील. म्हणून तुझ्यासारखी भिणारी माणसं त्या खुर्चीत हवीत असं मला कळकळीने वाटतं. ज्यांना ही भीती वाटत नाही, ते तिथे आपसूक पोहोचतातच.

कायद्यानेही ही जबाबदारी सरकारी वकिलावर टाकली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. यूएपीएखाली तपास ९० दिवसांत संपला नाही तर कोठडी १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण त्यासाठी सरकारी वकिलाचा अहवाल लागतो : तपास कुठवर आला आणि माणसाला आणखी आत ठेवायचं नेमकं कारण काय. अहवाल त्याचा स्वतःचा हवा. तपास अधिकाऱ्याच्या अर्जावर ‘सादर’ असा शेरा मारून चालत नाही. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात, १९९४ साली, हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं : सरकारी वकील हा तपासयंत्रणेचा भाग नव्हे, तो तिचं पोस्ट ऑफिसही नव्हे. महाराष्ट्रातलंच प्रकरण ते, मुळातून वाच. अहवाल लिहायची वेळ तुझ्यावर येईल तेव्हा तपास अधिकारी संध्याकाळी साडेपाचला येईल, उद्या नव्वदावा दिवस आहे म्हणेल, आणि मसुदा तयारच करून आणलेला असेल. तो माणूस वाईट नसतो. त्याच्यावरही वरून दबाव असतो, दोन रात्री तो झोपलेला नसतो. त्याला चहा पाज, बसव, आणि अहवाल स्वतः लिही. कारण सापडलं नाही तर कारण नाही असं त्याला तोंडावर सांग आणि फाइलवर नोट ठेव. तोंडी नकार दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

मंजुरीचंही तसंच. यूएपीएखालच्या दहशतवादाच्या गुन्ह्यांची दखल सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्टाला घेता येत नाही. २००८ च्या नियमांप्रमाणे पुरावा पाहणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाने कामाच्या सात दिवसांत शिफारस द्यायची आणि सरकारने पुढच्या सात दिवसांत निर्णय घ्यायचा. ही मुदत काटेकोर पाळलीच पाहिजे, असं फुलेश्वर गोप प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२४ साली बजावलं. स्फोटक पदार्थांचा १९०८ चा कायदा घे. तिथे खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची संमती लागते. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावणाऱ्याच्या गाडीतही जिलेटिनच्या कांड्या सापडतात. त्या कुणाच्या, कुठल्या विहिरीसाठी, परवाना कुणाचा, हे विचारणारा पहिला कायदा जाणणारा माणूस म्हणजे तू. या तरतुदींना ‘तांत्रिक बाबी’ म्हणणारे वकील तुला भेटतील. माणूस आत जातो तो तांत्रिक नसतो.

भाषेवर जरा जास्त लिहितो, कारण इथे तुझी अडचण आणि तुझं बळ एकच आहे.

स्थानबद्धतेचा कायदा, म्हणजे १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत माणसाला आत ठेवू देतो. त्याची कारणं सर्वसाधारणपणे पाच दिवसांत त्याला कळवायची. स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे त्याला वकील द्यायचा हक्क कायद्याने ठेवलेला नाही. मग त्याच्या हातात उरतो तो कारणांचा कागद, आणि त्यावर निवेदन करण्याचा घटनेच्या कलम २२ मधला हक्क. आता तो कागदच त्याला वाचता आला नाही तर? १९६२ साली सुप्रीम कोर्टापुढे हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण आलं. कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदीत मागितली. सरकारचं म्हणणं, अधिकाऱ्याने तोंडी समजावून दिलंय. कोर्टाने ते मानलं नाही. ज्याला आत ठेवलंय त्याला समजेल अशा भाषेत आणि लिपीत कारणं मिळाली पाहिजेत, म्हणून स्थानबद्धता रद्द केली. सीमाभागातल्या वकिलाने हा निकाल खिशात ठेवून फिरावं. निपाणीच्या, खानापूरच्या, येळ्ळूरच्या माणसाला कन्नड कागद देऊन त्याच्या अंगठ्याशेजारी ‘वाचून दाखवलं, समजलं’ असं लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. खटल्यातही, साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर भर कोर्टात ती त्याला कळेल अशा भाषेत सांगायची तरतूद आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७९ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३१४ आहे. आरोपीचा वकील हे मागेल न मागेल. सरकारी वकिलाने मागितलं तर खटला अपिलात टिकतो. सरकारचंही हित त्यातच आहे, हे वरिष्ठांना पटवून देता येतं; मी पटवून दिलेलं आहे.

तेव्हा कन्नड वाचायला शीक, आणि याच वर्षी शीक. छापील कन्नड दोन महिन्यांत येईल. खरं कठीण आहे ते ठाण्यातल्या रायटरचं हस्ताक्षर : अर्धी अक्षरं खाल्लेली, तारखा तिरक्या, ‘सदर’ आणि ‘मजकूर’सारखे आपलेच जुने शब्द कन्नड वेशात. मला एका वयस्क शिरस्तेदारांनी शिकवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत निकाली फाइलमधला एक पंचनामा समोर ठेवायचे आणि म्हणायचे, वाचा, अडलं की विचारा. चार महिन्यांत माझी नजर बसली. चुलते यावरही काही बोलतील कदाचित. त्यांना सांग, कन्नडसक्तीला विरोध करणाऱ्या पिढीतल्या कितीतरी जणांना उत्तम कन्नड येत होतं. सक्ती नको म्हणणं वेगळं आणि शेजाऱ्याची भाषा न येणं वेगळं. ज्या दिवशी तू मराठी टेप ऐकून कन्नड उताऱ्यातली चूक कन्नडातूनच न्यायाधीशांना दाखवशील, त्या दिवशी तुझ्यासारखं दुसरं कुणी त्या कोर्टात नसेल. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोवा आणि बेळगाव यांत सरहद्द ओलांडणारी प्रकरणं नेहमीच असतात, आणि त्यांत भाषा तीन-चार असतात.

आता चुलत्यांचं. त्यांचा राग मला परका नाही. १७ जानेवारी आणि १ जूनला मीही सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करायला जातो. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा मी तरुण वकील होतो, आणि हिंडलग्याच्या तुरुंगाबाहेर नातेवाइकांसोबत उभा राहिलो आहे. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, २००४ पासून. महाराष्ट्र सरकारनेच तो दावा दाखल केलाय. जो प्रश्न एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मांडलाय, त्याबद्दल काळी फीत लावून सायकल चालवणं हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होऊ शकत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांना बिहारमध्ये भारत संरक्षण नियमांखाली अडकवलं होतं. त्यावरच्या १९६५ च्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळं कल्पायला सांगितली. सर्वांत बाहेरचं, मोठं वर्तुळ कायदा-सुव्यवस्थेचं. त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं. आणि सर्वांत आत, सर्वांत लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षेचं. कायदा-सुव्यवस्थेला धक्का देणारी प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात पोहोचत नाही. तुझ्या चुलत्यांच्या फेरीत परवानगीची अट मोडली असेल, रस्ता अडला असेल. फार तर ती बाहेरच्या वर्तुळाच्या कडेवर आहे. एखाद्या दिवशी कुणी उत्साही अधिकारी असली फाइल आतल्या वर्तुळाचं कलम लावून आणेल. तेव्हा ते वर्तुळ कागदावर काढून दाखवणारं कुणीतरी सरकारच्याच बाजूला बसलेलं असावं, असं चुलत्यांना वाटत नाही काय? त्यांना हे असंच विचार. चिडून नको, जेवण झाल्यावर, निवांत.

मात्र एक पथ्य कडक पाळ. चुलत्यांच्या केसेस, आणि सीमा आंदोलनातल्या कुठल्याही केसेस, तू सरकारतर्फे घ्यायच्या नाहीत. सीनियरांना पहिल्याच दिवशी लेखी सांगून टाक. त्या फाइली घरच्या बाजूने डोकावून पाहायच्याही नाहीत. आणि त्या केसेस मागे घ्यायच्या म्हणशील, तर तो मार्ग कायद्यात आहे. सरकारी वकील कोर्टाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. आंदोलनांतून आलेल्या खटल्यांत सार्वजनिक हितासाठी असं करता येतं, हे सुप्रीम कोर्टाने १९८० साली राजेंद्रकुमार जैन प्रकरणात मान्य केलंय. जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरचा बडोदा डायनामाइट खटला मागे घेतला गेला, तो याच निकालात कायम झाला. पण तो निर्णय तिथल्या सरकारी वकिलाचा, स्वतःच्या विचाराने घेतलेला असावा लागतो. त्यात तुझा शब्द असता कामा नये.

आईला काय सांगायचं? तुझा फोटो आणि केसचं नाव कधी एकत्र दिसू नये, एवढं सांभाळ. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर कोर्टाबाहेरचं काही टाकू नकोस. चॅनेलवाल्यांशी बोलू नकोस. फाइल घरी आणायची नाही, बसमध्ये उघडायची नाही. खानापूर-अळणावर-धारवाड गाडीत शेजारी कोण बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. वकिलापेक्षा जास्त धोका साक्षीदाराला असतो, आणि त्यासाठी सुप्रीम कोर्टाने मान्य केलेली २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. ती तुझ्या साक्षीदारांसाठी वापरायला शीक. आईची काळजी यातून संपणार नाही. रोज संध्याकाळी सात वाजता एक फोन कर.

गुप्ततेचा दुसरा अर्थही आहे, तो इथेच सांगतो. काही कागद खरंच उघड करता येत नाहीत : खबऱ्याचं नाव, चालू असलेली हालचाल. ते जपायलाच हवेत, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा तुलाही लागू आहे. पण कच्च्या कागदांवरही ‘राष्ट्रीय सुरक्षा’ असं लिहून बंद लिफाफा न्यायाधीशांकडे सरकवायचा मोह होतो. एप्रिल २०२३ मध्ये एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या परवान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही, त्यामागे काहीतरी ठोस असावं लागतं. लिफाफा बंद करण्याआधी त्यातला प्रत्येक कागद स्वतः वाच आणि यातलं काय समोरच्याला देता येईल ते विचार. सारांश तर जवळजवळ नेहमीच देता येतो.

बाबा सैनिक आहेत. त्यांना एक फरक समजावून सांगावा लागेल, तो कदाचित तुला स्वतःलाही लागेल. सैनिक हुकूम पाळतो, आणि रात्रीच्या चौकीवर तेच बरोबर असतं. सरकारी वकिलाचं तसं नसतं. आणीबाणीत मी बेळगावात कायद्याचा विद्यार्थी होतो. मधू दंडवते, वाजपेयी, अडवाणी बेंगळुरूच्या तुरुंगात मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली होते. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरवलं, की आणीबाणी असेतो स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे बेकायदा कोठडीतून सुटकेसाठी, कोर्टात जाता येणार नाही. त्या सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारलं, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला मारलं तरी काही उपाय नाही काय? ॲटर्नी जनरल निरेन डे यांना आपल्या युक्तिवादाशी इमान राखून सांगावं लागलं, की आणीबाणी आहे तोवर नाही. ते फार बुद्धिमान वकील होते. आमच्या प्राध्यापकांनी वर्गाचं दार लावून घेऊन हे आम्हाला सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरही कुणी हललं नाही. त्याच सरकारचे अॅडिशनल सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी आणीबाणी जाहीर होताच, जून १९७५ मध्ये, राजीनामा दिला होता. आणीबाणीतला तो निकाल चुकीचा होता हे म्हणायला सुप्रीम कोर्टाला २०१७ उजाडलं.

वेळ आली तर तुलाही असं ‘नाही’ म्हणता यावं, म्हणून पैशाचंही बोलतो, पत्रात तू ते टाळलंस. सरकारी पॅनेलचं बिल उशिरा मिळतं. बेळगावातली तुझी दिवाणी कामं, बँकेचं काम, जे काही थोडंथोडकं आहे ते सोडू नकोस. आठवड्यातून दोन दिवस तिथे ये. ज्याच्या घरी दुसरीकडून चूल पेटते त्याला फाइलवर ‘नाही’ लिहिणं जमतं. ज्यांचं सगळं त्या एका नेमणुकीवर होतं अशा चांगल्या माणसांना मी गप्प होताना पाहिलंय, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही.

आता हे वर्ष. एनआयए कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सरकारी वकील व्हायला किमान सात वर्षांची वकिली लागते. तुझी सहा झाली, तेव्हा पुढचं वर्ष आयतंच हाती आहे. धारवाडला जा, पण सीनियरांना विचारून, विरोधी हितसंबंध येणार नाहीत असं पाहून, विधी सेवा प्राधिकरणाकडून आरोपींचीही दोन-तीन कामं घे. हिंडलग्यात जाऊन आरोपीशी जाळीतून बोल. आपला कागद पलीकडे कसा पोहोचतो ते अलीकडे बसून कळत नाही. फोनमधून काढलेला पुरावा कोर्टात कसा शाबित करायचा हे शीक. नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आणि त्याखालचं प्रमाणपत्र यावर निम्मे खटले उभे राहतात नाहीतर बसतात. (पत्र वाचणाऱ्या धाकट्या मंडळींसाठी : लष्करातच वकील व्हायचं असेल तर जज अॅडव्होकेट जनरलची शाखा आहे. वय २१ ते २७, एलएलबीला ५५ टक्के, शिवाय पदव्युत्तर क्लॅट ही कायद्याची प्रवेशपरीक्षा. तुझं ते वय आता मागे पडलं असावं.)

पहिली सुरक्षेची फाइल हातात येईल तेव्हा दोषारोपपत्राच्या गोषवाऱ्यापासून सुरुवात करू नकोस. तो सर्वांत चांगला लिहिलेला असतो. मूळ पंचनामा, मूळ टेप, मूळ चिठ्ठी, जप्तीची वेळ, पंचांच्या सह्या, असं मागून पुढे ये. मराठी पंचाची कन्नड पंचनाम्यावर सही दिसली, तर त्याला बोलावून घेऊन तिथे काय झालं ते तुझ्या भाषेत विचार.

माझ्याकडे पंचनाम्यांच्या जुन्या झेरॉक्स आहेत, निकाली प्रकरणांतल्या, नावं खोडलेल्या. साधारण दीडशे पानं, सगळी हस्ताक्षरातली. सोमवार ते शुक्रवार दुपारी दोनपर्यंत मी बार असोसिएशनच्या लायब्ररीत असतो. येऊन घेऊन जा. बाबांना माझा रामराम सांग. आणि चुलत्यांना म्हणावं, तुमच्या दोन्ही केसेसचे कागद घेऊन एकदा माझ्याकडे या. फी नको. तारीख कधीची आहे तेवढं आधी कळवा.